या अ‍ॅपवरून त्या अ‍ॅपवर

२५ ऑक्टोबर २०२२. लक्ष्मीपूजन आदल्या दिवशी झालेलं, पाडवा दुसऱ्या दिवशी. ऐन दुपारी व्हॉट्सअ‍ॅप जवळपास दोन तास बंद पडलं. सोलापुरात चादर-टॉवेलच्या धंद्यात नमुन्याचे फोटो, भाव, ट्रान्सपोर्टची पावती हे सगळं याच अ‍ॅपवरून जातं-येतं. फोन चालू, इंटरनेटही चालू. अडलं होतं ते एका कंपनीच्या दारात.

ई-मेलचं असं होत नाही. जीमेलवरून पाठवलेलं पत्र याहूच्या खात्यात पोचतं. दुकानात फोनपेचा क्यूआर कोड असला, तरी गिऱ्हाईक गुगल पेनं पैसे देऊन जातं. मग व्हॉट्सअ‍ॅपवरून टेलिग्रामवाल्याला साधा निरोप का धाडता येऊ नये?

तंत्र कधीचंच तयार आहे. नेटकॅफेच्या जमान्यात याहू मेसेंजर, एमएसएन, आयसीक्यू अशा खिडक्या वेगवेगळ्या उघडाव्या लागत. १९९८ मध्ये मार्क स्पेन्सर या अमेरिकी विद्यार्थ्याने एओएलच्या मेसेंजरसाठी ‘गेम’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला ठेवला. मग ठिकठिकाणच्या प्रोग्रॅमरनी त्याला याहू, एमएसएनची जोड दिली. नावावरून एओएलशी चाललेला वाद मिटवताना २००७ मध्ये त्याचं ‘पिजिन’ झालं. त्याच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे.

पिजिनच्या पोटात ‘लिबपर्पल’ नावाचा भाग असतो. सोलापूरच्या पेठेतला दुकानदार एकाशी मराठीत, दुसऱ्याशी तेलुगूत, तिसऱ्याशी कन्नडमध्ये बोलतो आणि वही मात्र एकच ठेवतो. लिबपर्पलचं काम तसंच. प्रत्येक नेटवर्कचे नियम सांभाळणारा वेगळा प्लगइन, पण गप्पांची खिडकी एक. अर्थात खातं प्रत्येक ठिकाणी उघडावंच लागे. शिवाय कंपनीने नियम बदलले की प्लगइन अडे, जसं २००४ मध्ये याहूच्या बाबतीत झालं. मग कोणी तरी फावल्या वेळात बसून ते पुन्हा जुळवायचं. या फुकट केलेल्या मेहनतीची नोंद फारशी कुठे झाली नाही, ही खंत वाटण्याजोगीच गोष्ट.

खरा उपाय होता सर्वांची नियमावलीच एक करण्याचा. जेरेमी मिलर याने १९९९ मध्ये जाहीर केलेल्या ‘जॅबर’मधून एक्सएमपीपी हा खुला प्रोटोकॉल आला. कोणीही आपला सर्व्हर चालवावा, ई-मेलसारखा पत्ता घ्यावा आणि दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलावं. २००५ मध्ये आलेल्या गुगल टॉकने पुढच्याच वर्षी बाहेरच्या सर्व्हरसाठी दार उघडलं. २०१३ मध्ये हँगआउट्स आणताना गुगलने ही वाट सोडली. व्हॉट्सअ‍ॅपची सुरुवातीची उभारणीही एक्सएमपीपीच्याच ‘इजॅबर्डी’ या खुल्या सर्व्हरवर झाली होती, पण बाहेरच्यांना तिथे प्रवेश नव्हता. चालू असलेली सोय कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी मोडली, असंच म्हणावं लागतं.

आता युरोपीय संघाने कायद्याचा बडगा उगारला आहे. तिथल्या डिजिटल मार्केट्स कायद्यानुसार मार्च २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपला इतर अ‍ॅपना जोडणी देणं भाग आहे. यात एक अवघड प्रश्न आहे तो गुप्ततेचा. ‘मॅट्रिक्स’सारख्या खुल्या नेटवर्कवर दोन सेवांमध्ये पूल बांधता येतो, पण पुलावरचा सर्व्हर एका बाजूचा मजकूर उलगडून दुसऱ्या बाजूसाठी पुन्हा बांधत असेल, तर तो मजकूर त्याला वाचता येतो. म्हणून दोन्ही टोकांना एकच कुलूपपद्धत हवी, आणि युरोपात तोच आग्रह धरला गेला.

भारतात मात्र मे २०२३ मध्ये सरकारने रोखलेल्या १४ अ‍ॅपमध्ये मॅट्रिक्सवर चालणारं ‘एलिमेंट’ आणि ‘ब्रायर’ ही खुली अ‍ॅपही होती. त्या बंदीला केरळ उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं.

खुल्या सॉफ्टवेअरच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी ‘प्रव’ हे एक्सएमपीपीवरचं अ‍ॅप आणलं आहे. मोबाइल नंबर टाकला की खातं तयार, आणि दुसऱ्या कोणत्याही एक्सएमपीपी अ‍ॅपवरच्या माणसाशी बोलता येतं. त्यांचा बेत आहे ही सेवा बहुराज्य सहकारी संस्थेच्या हाती देण्याचा. सूतगिरण्या, यंत्रमागाच्या सोसायट्या आणि साखर कारखाने पाहिलेल्या सोलापूरकराला सहकाराचे गुणदोष नव्याने सांगायला नकोत. निरोपांच्या सर्व्हरवर सभासदांची मालकी आणि वार्षिक सभेत त्याचा हिशेब, एवढाच भाग नवा आहे.