हृदयाच्या गोळीवरचा उतारा : एक मागोवा

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत कुठल्याही घरी फडताळ उघडा, रक्तदाबाच्या गोळीची पट्टी बहुधा सापडेलच. अ‍ॅम्लोडिपिन हे त्यातले सर्वांत ओळखीचे नाव. स्वस्त गोळी, सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळणारी. तिने असंख्य माणसांना अर्धांगवायूपासून वाचवले आहे. पण तीच गोळी एखाद्या पोराने खेळता खेळता खाल्ली किंवा खचलेल्या माणसाने रागाच्या भरात भरमसाट घेतली, तर अतिदक्षता विभागातल्या अनुभवी डॉक्टरांचीही कसोटी लागते.

हृदयाचे औषध जास्त झाले की विष होते, हे जुने ज्ञान आहे. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने डिजिटालिस या हृदयाच्या औषधावर पुस्तक लिहिले, त्यातच जादा मात्रेची लक्षणे आहेत : उलट्या, हिरवे-पिवळे दिसणे, मंदावलेली नाडी. आपल्याकडे कुंपणाला असलेल्या बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या बियांतले विषही त्याच कुळातले. त्यावर नेमका उतारा मिळायला १९७६ साल उजाडले. मेंढ्यांच्या रक्तात तयार केलेली प्रतिपिंडे देऊन अमेरिकेत डॉ. थॉमस स्मिथ आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाला वाचवले. पुढे श्रीलंकेत बिट्टीच्या बिया खाल्लेल्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचे चांगले निष्कर्ष आले. पण औषध महाग. २००२ मध्ये तिथला पुरवठा संपला आणि मृत्यू पुन्हा वाढले. उतारा माहीत असूनही माणसे गेली, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

अ‍ॅम्लोडिपिन, व्हेरापामिल, डिल्टिअ‍ॅझेम यांची गोष्ट वेगळी. ही औषधे पेशींत कॅल्शियम शिरण्याची वाट अडवतात. मात्रा फार झाली की रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब कोसळतो. व्हेरापामिलसारख्यांत हृदयाचा ठोकाही मंदावतो. बराच काळ डॉक्टरांच्या हाती सलाईन, शिरेतून कॅल्शियम, ग्लुकागॉन आणि दाब वाढवणारी इंजेक्शने एवढेच होते. अनेकदा ते पुरत नसे.

१९९०च्या दशकात प्राण्यांवरच्या प्रयोगांत एक अनपेक्षित औषध पुढे आले : इन्सुलिन. संकटातल्या हृदयाला साखरेचे इंधन लागते. पण हेच विष स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर पडू देत नाही. त्यामुळे रक्तात साखर चढते आणि हृदय उपाशी राहते. बाहेरून भरपूर इन्सुलिन दिले की हृदयाला ती साखर वापरता येते, आकुंचनाचा जोर वाढतो. १९९९ मध्ये पाच रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध झाला आणि २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने या उपचाराची ठाम शिफारस केली.

‘भरपूर’ म्हणजे किती, हे ऐकून परिचारिकाही ऑर्डर पुन्हा विचारून घेतात. मधुमेह्याला दिवसभरात जेवढे पुरते, तेवढे इथे तासाभरात जाते. साठ किलोच्या रुग्णाला सुरुवातीला एकदम साठ युनिट, मग दर तासाला तेवढेच, गरजेप्रमाणे आणखी. आपल्याकडची नेहमीची कुपी ४०० युनिटची. सात तासांच्या आत ती रिकामी होते. सोबत ग्लुकोज चालू ठेवायचे, दर पंधरा-तीस मिनिटांनी बोटाला टोचून साखर बघायची, पोटॅशियम उतरू द्यायचे नाही. औषध स्वस्त आहे. महाग आहे ते रात्रभर जागे राहणारे माणूस. एवढ्यानेही भागले नाही तर हृदय-फुप्फुसांचे काम शरीराबाहेरून करणारे एक्मोचे यंत्र, पण ते मोजक्याच ठिकाणी.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात रक्तदाबाच्याच प्रॅझोसिन या स्वस्त गोळीने विंचूदंशाचे रुग्ण वाचवायला सुरुवात केली. स्वस्त औषध आणि खाटेजवळची राखण यांनी काय साधते, ते महाराष्ट्राने आधीच पाहिले आहे. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अतिदक्षता विभागांत इन्सुलिनच्या या उपचाराचा लेखी तक्ता भिंतीवर असलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावाच्या हाती आहे ती वेळ. अ‍ॅम्लोडिपिनचा जोर सहा ते बारा तासांनी कळसाला जातो आणि पुढे दिवसचे दिवस उतरत नाही. संध्याकाळी नीट बोलणारा माणूस पहाटे कोसळू शकतो. ‘बरा दिसतोय, सकाळी बघू’ यातच घात होतो. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्यानेही अपायच होतो. पोलीस केसच्या भीतीने लपवू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षेपासून संरक्षण आणि उपचारांचा हक्क दिला आहे. १०८ला फोन करा, रिकाम्या पट्ट्या पिशवीत घाला, कधी आणि किती घेतल्या ते सांगा, आणि गडमुडशिंगीहून थेट कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा अतिदक्षता विभाग असलेले मोठे रुग्णालय गाठा. घरात कोणी मनाने खचले असेल, तर अशी वेळ येण्याआधीच टेलि-मानस या सरकारी समुपदेशन सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा आणि गोळ्यांचा डबा स्वतःच्या ताब्यात ठेवा.