कपाटातला कॅमेरा

उत्तम कॅमेरा कोणता असे विचारले, की जाणकार भिंगाचे गुण सांगू लागतात. तो हातात कसा बसतो, पडला तर टिकतो का, हे सहसा कोणी सांगत नाही. फोटो काढावासा वाटणे मात्र बरेचसे त्यावरच अवलंबून असते.

जुना कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिवई आणि काचेच्या प्लेटा. एवढे बिऱ्हाड घेऊन डोंगर कोण चढणार? जर्मनीत वेट्झलार गावी लाइट्झच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा कारागीर होता. भटकण्याची हौस दांडगी, पण दम्यामुळे ते ओझे पेलेना. मग १९१३-१४ च्या सुमारास सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरून त्याने खिशात मावेल असा कॅमेरा घडवला. तोच १९२५ साली 'लायका' म्हणून बाजारात आला.

अमेरिकेत त्याआधीच, १९०० साली, कोडॅकने 'ब्राउनी' काढला होता. पुठ्ठ्याची पेटी, किंमत एक डॉलर. जुळवाजुळव जवळजवळ नाहीच. पोराच्या हाती देताना आईबापांचा जीव खालीवर होत नसे, हे त्याचे खरे मर्म. आपल्याकडे आगफाचा 'क्लिक थ्री' तसाच. एका रिळात बारा चौकोनी फोटो. ऊन आहे की ढग, एवढे पाहायचे. चित्र जरा मऊ यायचे खरे, पण यायचे!

याच्या उलट एक गोष्ट सांगतो. मी पूर्वी ज्या कॉलेजात होतो, तिथे वर्गणी काढून एक भारी कॅमेरा घेतला. तो इतका भारी, की कपाटात कुलूपबंद झाला. सहलीला न्यायचा तर अर्ज करा. आणि पडला तर भरून कोण देणार? या धास्तीने अर्जच कोणी केला नाही, मीही नाही. दोन पावसाळे गेले. वर्षानुवर्षे घंटा देणारे आमचे शिपाईदादा निवृत्त झाले, तेव्हा फोटो काढू म्हणून कपाट उघडले, तर भिंगावर आतून बुरशीचे जाळे. फोटो राहिला. पुढच्या वर्षी दादा गेले. त्यांच्या घरी लावायला फोटो हवा होता, तो आमच्यापैकी कोणाकडेच निघाला नाही.

मोबाइलचेही हेच पाहा. नवाकोरा असतो तेव्हा तो पेरणीच्या दिवशी घरीच राहतो. जाड रबरी कव्हर चढले, की तोच मातीच्या हातांनी बांधावर फोटो काढतो. भिंग तेच, माणूसही तोच.

ज्या शाळेत जुना कॅमेरा असेल, तिने एवढे करावे. कातडी पिशवी ओल धरते, म्हणून आगोट लागण्यापूर्वी कॅमेरा तिच्यातून काढावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. पुड्या ओल्या झाल्या की बदलाव्यात. दर आठवड्याला, कोरडी हवा पाहून, कॅमेरा बाहेर काढून शटर दोन-चार वेळा दाबावे. हे काम वरच्या वर्गातल्या मुलांना पाळीने द्यायला हरकत नाही. गळ्यात पट्टा अडकवायला मात्र आधी शिकवावे.