समोरून बशी हलवली तेव्हा

मन आवरायचं म्हणजे दात-ओठ खाऊन मोह परतवायचा, अशी आपली ठाम समजूत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली मुलं काही वेगळंच दाखवून गेली.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल आणि एबे एबेसन यांचा तो प्रयोग १९७०मध्ये प्रसिद्ध झाला. थांबलास तर जास्त आवडीचा खाऊ, नाही राहवलं तर कमी आवडीचा, एवढीच अट. मुलाला खोलीत एकटं ठेवलं जाई, जास्तीत जास्त पंधरा मिनिटं. बक्षीस डोळ्यांसमोर असेल तर थांबायला हुरूप येईल, असा संशोधकांचा अंदाज होता. घडलं नेमकं उलटं. दोन्ही खाऊ समोर असताना मुलांनी सरासरी एकच मिनिट कळ काढली. दोन्ही नजरेआड असताना अकरा मिनिटांहून जास्त.

कुणी डोळ्यांवर हात घेतले, कुणी गाणी म्हटली, कुणी हातापायांचे खेळ शोधून काढले, एकाला तर चक्क झोप लागली. कपाळामागचा, आवर घालणारा मेंदूचा भाग पुरता पक्व व्हायला विशी ओलांडावी लागते. मग या चिमुरड्यांनी हे कशाच्या बळावर केलं? मोहाशी झुंज न घेता त्यांनी लक्षच दुसरीकडे वळवलं. माझ्या मते या प्रयोगाचं खरं मोल इथं आहे. मूल किती थांबलं त्यावरून ते पुढं किती यशस्वी होईल, या भाकितात नाही. ते भाकीत तर २०१८च्या मोठ्या अभ्यासात, घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर, बरंच फिकं पडलं.

मोठ्यांचंही असंच दिसतं. जर्मनीत विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०५ जणांच्या रोजच्या इच्छांची आठवडाभर नोंद घेतली. ज्यांचा स्वतःवर ताबा चांगला, त्यांच्या मनात अशी ओढाताण मुळात कमी वेळा होत होती.

म्हणूनच ‘याला धीरच नाही’ हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो. थांबणं समोरच्यावरच्या विश्वासावरही अवलंबून असतं. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी २८ मुलांना आधी चित्रकलेचं चांगलं साहित्य आणून देण्याचा शब्द दिला. निम्म्यांच्या बाबतीत तो पाळला, निम्म्यांच्या बाबतीत मोडला. त्यानंतर मार्शमॅलो ही मऊ, गोड मिठाई समोर ठेवून थांबलात तर जास्त, अशी अट घातली. शब्द पाळलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवली गेलेली तीनच. ज्यांचा शब्द एकदा खोटा ठरला, त्यांच्यासाठी कुणी का थांबावं?