बाळाचं नाव कोण ठेवतं?

सुरगाणा संस्थान भारतात विलीन झालं तेव्हा गादीवर धैर्यशीलराव देशमुख होते. त्यांचे वडील यशवंतराव, आजोबा प्रतापराव. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या डांगला लागून असलेल्या या डोंगराळ मुलखात पवार देशमुखांच्या घराण्याची सत्ता होती. घराण्यातल्या नावांत धैर्य होतं, यश होतं, प्रताप होता. रयत मात्र कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल. त्यांच्या पाड्यांवर पोरांची नावं सोमा, बुध्या, मंगळू, काळू, लहानू, जिवा अशी असत आणि पोरींची शुक्री, बुधी, मंगळी. या नावांपुढे राव लागत नसे.

एकाच डोंगराच्या दोन अंगांना नावांच्या अशा दोन रीती नांदत होत्या. कुटुंबं मुलांची नावं कशी ठेवत आली, हे समजून घ्यायला सुरगाण्याइतकी चांगली जागा क्वचित सापडेल. आज तालुक्यातल्या दहांपैकी नऊहून अधिक माणसं आदिवासी आहेत. त्यांच्या आजी-आजोबांची नावं सरकारी कागदांवर कशी चढली, यावर नातवंडांचे दाखले आणि कधीकधी जमिनीही अवलंबून आहेत.

वारावरून नाव ठेवण्याची पद्धत इथे जुनी. सोमवारी जन्मला तो सोमा किंवा सोम्या, मंगळवारचा मंगळू, बुधवारचा बुध्या, शुक्रवारची शुक्री. ज्या घरात पंचांग नाही आणि तारीख लिहून ठेवणारं कुणी नाही, तिथे वार मात्र सगळ्यांना ठाऊक असतो, कारण आठवडा बाजारावर चालतो. साल विसरलं तरी जन्माचा वार नावात राहतो. एका पाड्यावर तीन सोमा निघाले तर बापाचं नाव जोडायचं, नाहीतर रंगावरून, उंचीवरून ओळख ठरवायची. लहानू, काळू ही नावं अशाच नजरेनं पाहून ठेवलेली. डहाणूतून १९७७ साली लोकसभेवर निवडून गेलेल्या वारली नेत्याचं नाव लहानू शिडवा कोम होतं. वारली चित्रकला जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या वडिलांच्या नावात सोमवार आहे. जिव्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली तेव्हा ते नाव राष्ट्रपती भवनात जसंच्या तसं वाचलं गेलं.

ही रीत फक्त सह्याद्रीतली नाही. झारखंडच्या मुंडा समाजातही वाराची नावं असतात आणि बिरसा मुंडा यांचं नाव गुरुवारवरून पडलं असं सांगितलं जातं. पश्चिम आफ्रिकेत घानातल्या अकान लोकांत शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, शनिवारी जन्मलेला क्वामे. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे न्क्रुमा होते. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ रोजी जन्मले, तो शुक्रवार होता. सुरगाण्यात जन्मले असते तर ते शुक्र्या झाले असते. अन्नान यांनी जगातल्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर आपलं वाराचं नाव वापरलं. शुक्र्याला मात्र पहिलीच्या वर्गातच नाव बदलायला लागलं, आणि त्याची कारणं नावात नाहीत, आजूबाजूच्या समाजात आहेत.

ती कारणं फार जुनी आहेत. मुलांची नावं कशी असावीत याचे नियम गृह्यसूत्रांत आले आहेत. दहाव्या किंवा बाराव्या दिवशी नाव ठेवावं, मुलाच्या नावात सम अक्षरं असावीत, मुलीच्या नावात विषम. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात पुढचा नियम येतो: ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं तिरस्कार वाटेल असं. म्हणजे कुणाच्या मुलाला चांगलं नाव मिळावं आणि कुणाच्या नाही, हे धर्मग्रंथातच लिहून ठेवलं गेलं. प्रत्यक्षात हा नियम किती पाळला गेला हा वेगळा प्रश्न. पण गावकुसाबाहेरच्या घरात कुणी पोराचं भारदस्त नाव ठेवलं तर गाव ते चालू देत नसे, हा अनुभव महाराष्ट्रातल्या दलित आत्मकथनांत पुन्हा पुन्हा आला आहे.

इथे एक गल्लत टाळायला हवी. कानाला हलकं वाटणारं प्रत्येक नाव तिरस्कारातून आलेलं नसतं. धोंडू, दगडू, केरू, कचरू, उकर्डा, भिका ही नावं सगळ्या जातींत होती आणि त्यांच्यामागे आईबापांची भीती होती. आधीची मुलं दगावली की नव्या बाळावर सटवीची, दैवाची नजर पडू नये म्हणून त्याला नको असलेल्या वस्तूचं नाव द्यायचं. काही घरांत तान्ह्या बाळाला खरोखरच उकिरड्यावर ठेवून उचलत, किंवा शेजारणीला मूठभर धान्यात ‘विकून’ परत आणत. मुलाचं नाक टोचून त्याला मुलगी भासवत, तो मग नथू. धोंडा मरत नाही, केराकडे कुणी वळून पाहत नाही, भिकेत मिळालेली वस्तू हिरावून नेण्यात काही अर्थ नाही, असा तो विचार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात जन्मलेल्या हजार बाळांपैकी दोनशेहून अधिक बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच जात, हे लक्षात घेतलं की या नावांचा अर्थ उलगडतो. चीनच्या खेड्यांतही अशाच भीतीपोटी मुलांना कुत्र्यामांजरांची नावं देत.

म्हणूनच कोकणातल्या ब्राह्मण घरात जन्मलेल्या महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो होतं आणि त्यांनी १०४ वर्षांचं आयुष्य पाहिलं. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या नामवंत तारपावादकाचं नाव भिकल्या लाडक्या धिंडा. या एका नावात मागून मिळालेला मुलगाही आहे आणि लाडका बापही. जिवा, जिव्या ही नावंही याच जातीची वाटतात. जगावा, एवढंच मागणं त्यांत आहे. सुरगाणा-कळवणचं अनेक वर्षं विधानसभेत प्रतिनिधित्व केलेल्या आमदारांचं नाव जिवा पांडू गावित. २०२० साली महाराष्ट्रातला अर्भकमृत्यूचा दर हजारी सोळावर आला होता. लस, दवाखाना आणि सुईणीच्या जोडीला आलेली परिचारिका यांच्यामुळे धोंडू आणि केरू हळूहळू हजेरीपटावरून गेले.

मुलींच्या वाट्याला आलेलं नकुसा हे नाव मात्र या रांगेत बसवता येत नाही. धोंडू ठेवणाऱ्या आईला मूल हवं होतं. नकुसा ठेवणाऱ्या घराला आणखी एक मुलगी नको होती. सातारा जिल्ह्यात अशा मुलींचा शोध घेण्यात आला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये अडीचशेहून अधिक मुलींना एका जाहीर समारंभात त्यांच्या पसंतीची नवी नावं देण्यात आली. स्वतःचं नाव स्वतः निवडण्याची संधी इतक्या मुलींना एकत्र मिळाल्याचं दुसरं उदाहरण महाराष्ट्रात शोधावं लागेल.

खानदानी घरांत प्रश्न वेगळा होता. तिथे नाव पुढे चालवायचं असे. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला आणि झालेल्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडले आणि १६५७ मध्ये जन्मलेल्या पुत्राला महाराजांनी तेच नाव दिलं. त्या संभाजी महाराजांच्या मुलाचं नाव पुन्हा आजोबांचं, शिवाजी. इतिहास त्याला शाहू म्हणून ओळखतो. पेशव्यांत बाळाजी विश्वनाथ, त्यांचा मुलगा बाजीराव, आणि बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी. आजोबा नातवाच्या रूपानं परत येतात ही समजूत त्यामागे होती. त्याचा एक परिणाम मराठी घरांत हमखास दिसे: सासऱ्याचं नाव मुलाला मिळालं की सून ते उच्चारत नसे, म्हणून त्याच मुलाला घरात बाळ, बापू, नाना अशी दुसरी नावं पडत.

पत्रिका करणाऱ्या घरांत तिसरी वाट होती. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून एकशे आठ अक्षरं. ज्या चरणात जन्म त्या अक्षरावरून जन्मनाव. अश्विनी नक्षत्रासाठी चू, चे, चो, ला ही अक्षरं आहेत. चो वरून नाव शोधताना घरोघरी जी तारांबळ होते, तिच्यामुळेच जन्मनाव पत्रिकेत आणि व्यवहारातलं नाव वेगळं अशी सोय रुळली. बाराव्या दिवशीच्या बारशात पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. नाव कुणीही सुचवलेलं असो, पहिल्यांदा उच्चारायचं तिनं.

नाशिककरांना जवळची एक नामावली इथे सांगायलाच हवी. त्र्यंबकेश्वरला समाधी असलेले निवृत्तिनाथ आणि त्यांची भावंडं ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. विरक्ती, ज्ञान, त्याकडे नेणारा जिना आणि शेवटी मुक्ती, असा हा क्रम. वाळीत टाकलेल्या आईबापांनी मुलांना दिलेली ही नावं आज सातशेहून अधिक वर्षांनंतरही जिल्ह्यात भरभरून सापडतात. निवृत्ती हे नाव तर नाशिकच्या शेतकरी घरांचं आपलं झालं आहे.

नावं सर्वांत वेगानं बदलली ती विसाव्या शतकात, आणि त्याची एक सुरुवातही नाशिक जिल्ह्यातलीच. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. १९५६ साली नागपूरला दीक्षा झाली आणि त्यानंतरच्या पिढीत वस्त्यांमधून सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता ही नावं घुमू लागली. मनूच्या नियमाला हे सरळ आणि सामुदायिक उत्तर होतं. कुणाच्या परवानगीची वाट न पाहता आईबापांनी मुलांसाठी बुद्धाच्या घरातली नावं घेतली.

सुरगाण्यात बदल शाळेच्या वाटेनं आला. दादासाहेब बिडकरांनी उभ्या केलेल्या डांग सेवा मंडळाच्या शाळा, पुढे जिल्हा परिषदेच्या आणि सरकारी आश्रमशाळा पाड्यापाड्यांतून सुरू झाल्या. पोर घेऊन बाप दारात उभा राहिला की गुरुजी नाव विचारत, आणि अनेकदा ते ‘सुधारून’ लिहीत. सोम्याचा सोमनाथ होई, मंगळूचा मंगेश. जन्मतारीख ठाऊक नसली की १ जून. महाराष्ट्राच्या एका अख्ख्या पिढीतल्या लक्षावधी लोकांचा वाढदिवस म्हणूनच १ जूनला येतो. गुरुजींचा हेतू चांगला असे. मुलाला पुढे शहरात कुणी हसू नये असं त्यांना मनापासून वाटे. पण नाव ठेवण्याचा हक्क त्या क्षणी घरातून कार्यालयात गेला आणि एकाच माणसाची दोन नावं झाली, एक चुलीपाशी आणि एक दाखल्यावर.

या दोन नावांतलं अंतर पुढे महाग पडतं. अनुसूचित जमातीचं प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी यांसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे मागितले जातात. मग नातवंडं आजोबांच्या शाळेत प्रवेश-निर्गम उतारा शोधतात, तहसील कचेरीत गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचा नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, चाळतात. एका कागदावर सोम्या, दुसऱ्यावर सोमा, तिसऱ्यावर सोमनाथ. हे तिघे एकच, हे वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र देऊन सिद्ध करावं लागतं. वनजमिनीच्या दाव्यांतही तोच पेच येतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकरी मोर्चात सुरगाण्याची माणसं मोठ्या संख्येनं होती आणि वनहक्काचे पट्टे ही त्यांची मुख्य मागणी होती. २००६ च्या वनहक्क कायद्यात एक तरतूद मोलाची आहे: पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे व्हायला हवा. शुक्री आणि बुधी ही नावं जमिनीच्या कागदावर येण्याचा तो रस्ता आहे.

आईचं नाव मुलाच्या नावात येणं हे नाशिकला नवं नाही. शहराजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नातवाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी आजीनं हे लेणं दान केलं. राजाला अनेक राण्या असत, तेव्हा कोणता मुलगा कुणाचा हे आईच्या नावावरून कळे, असं अभ्यासक सांगतात. पुढे बापाचं नाव मध्ये आलं आणि आई कागदावरून नाहीशी झाली. लग्नानंतर बाईच्या नावापुढचा बापही बदलून नवरा येई. देशी वाणांच्या बीजमाता राहीबाई सोमा पोपेरे यांच्या नावातले सोमा हे त्यांचे पती आहेत.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. नाव त्या वेळी ठरलं नसलं तरी चालतं. बारा महिन्यांपर्यंत ते शुल्काशिवाय भरता येतं. सुरगाण्यात दवाखान्यात बाळंतीण झालेल्या आईला आता आशा कार्यकर्ती हे समजावून सांगू शकते, आणि नाव काय लिहायचं हे गुरुजींच्या आधी, सहा वर्षं आधी, तिला स्वतःला सांगता येतं. तेव्हा मात्र आईनं आपलं स्वतःचं नावही आधार कार्डावर जसं आहे तसंच लिहिलं गेलंय ना, हे वाचून पाहायला हवं; कारण आता तेही मुलाच्या नावाचा भाग होणार आहे.