सेन्सर लावूनही हळदीत कंदकूज का? काळ्या जमिनीतील स्वयंचलित ठिबक समजून घ्या

परभणी जिल्ह्यात विहिरीवरच्या अनेक मोटारींना ‘ऑटो’ बसवलेला असतो. थ्री-फेज वीज आली की मोटार सुरू. हा ऑटो वीज पाहतो, जमीन पाहत नाही. रात्री पाऊस पडून गेला तरी पाणी सोडतोच. छतावरच्या टाकीतील फ्लोट मात्र वेगळा. पाणी चढले की चेंडू वर येतो आणि वॉल्व्ह बंद होतो. परिणाम मोजून त्यानुसार पुढची क्रिया बदलणे, यालाच अभियांत्रिकीत फीडबॅक नियंत्रण म्हणतात. ओलावा सेन्सरवर चालणारे ठिबक हे त्याचेच रूप आहे.

मग असा संच असूनही कंदकूज का येते? अशा एका शेतावर मी सेन्सर तपासला, वॉल्व्ह तपासला. दोन्ही ठीक होते. दोष होता उशिराचा.

भारी काळी जमीन एकदा ओली होऊन फुगली, की तिच्यात पाणी तासाला जेमतेम काही मिलिमीटर मुरते. दीड मीटरवर लॅटरल, 40 सेंटिमीटरवर ताशी 4 लिटरचा ड्रीपर असेल, तर आपण ताशी सुमारे 6.7 मिलिमीटर पाणी देतो. सेन्सर 30 सेंटिमीटर खोल असेल, तर ओल तिथे पोहोचायला कित्येक तास लागतात. तोवर यंत्राला जमीन कोरडीच दिसते आणि पाणी चालूच राहते. सेन्सर ‘पुरे’ म्हणतो तेव्हा वरचा थर चिंब झालेला असतो. सोलरच्या नळाला गरम पाणी यायला वेळ लागतो म्हणून आपण नळ आणखी सोडतो आणि मग अंग पोळते, तसेच हे. अशा यंत्रणा कधी स्थिरावतात आणि कधी हेलकावे खातात, याचे गणित मॅक्सवेल यांनी वाफेच्या इंजिनांच्या गव्हर्नरवर 1868 मध्येच मांडले होते. कालव्याचेही हेच, पैठणला दार उघडले म्हणून परभणीच्या चारीला त्याच तासाला पाणी येत नाही.

उशीर टाळता येत नाही, पण मोजता येतो. जमीन वाळलेली असताना ठिबक सुरू करून वेळ लिहून ठेवा. टेन्शिओमीटरचा काटा खाली येऊ लागेल ती वेळही लिहा. मधले अंतर हा तुमच्या शेताचा उशीर. शेजाऱ्याचा आकडा वापरू नका.

आता कंट्रोलरला सुरू करण्याचे काम सेन्सरवर द्या, बंद करण्याचे नको. काटा ठरलेल्या आकड्यावर, समजा 35 सेंटिबारवर गेला की एक तास पाणी द्यावे, मग किमान त्या उशिराएवढे थांबून पुन्हा वाचन घ्यावे. काटा 20 च्या खाली आला असेल तर पुढची पाळी देऊ नये. दोन्ही आकडे एकच ठेवले तर वॉल्व्ह सारखा उघडझाप करतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पीक व वाढीच्या अवस्थेनुसार बदलावेत. नियंत्रणाचा सेन्सर 15 सेंटिमीटरवर, ड्रीपरजवळ मुळांच्या पट्ट्यात असावा. खोलवरचा दुसरा केवळ पाणी खाली वाया जाते का हे पाहण्यासाठी.

एक धोका उलट्या बाजूचाही आहे. काळी जमीन भेगाळली की टेन्शिओमीटरच्या कपाचा मातीशी संपर्क सुटतो, नळीत हवा शिरते आणि काटा शून्याकडे येतो. यंत्राला वाटते जमीन ओली, आणि पीक वाळत राहते. पाणी न देता, पाऊस न पडता काटा शून्यावर दिसला, तर कंट्रोलर हातचालू करा, मूठभर माती काढून दाबून पाहा, नळीत पाणी भरून कप पुन्हा घट्ट बसवा.