परक्या घरात आपलं मूल

अकरावीला लातूर-नांदेडमध्ये राहायला येणारी परगावची मुलं आपण नेहमी पाहतो. पण आपलं मूल वर्षभर अमेरिकेतल्या अनोळखी कुटुंबात? मुस्लिम लोकसंख्या मोठी असलेल्या देशांतल्या मुलांसाठी २००२ साली सुरू झालेली केनेडी-लुगर ‘येस’ शिष्यवृत्ती हेच करते. भारतात तिचं काम एएफएस संस्था पाहते. यजमानांना मोबदला नसतो. घरातल्या प्रौढांवर गुन्हा आहे का, हे आधी तपासलं जातं.

अम्मी-अब्बांना काळजी हलालची आणि नमाजची. त्यावर उपाय एकच : मुलाने पहिल्याच आठवड्यात अदबीने सांगावं. डुकराचं मांस चालत नाही. हलाल गोश्त नसेल तर मासे, अंडी, भाजी पुरे. नमाजला कोपरा हवा, रमजानमध्ये सहरीला उठेन. लाजून गप्प राहिल्यास यजमानांना कळणार कसं? तिथे मूल पाहुणा नसतं. भांडी, कपडे, झाडलोट त्याच्याही वाट्याला येते.

नीटच्या तयारीतलं एक वर्ष मागे पडेल, हा हिशेबही घरात बसून आधीच करू. अर्ज नंतर भरू. आधी मुलाला, मुलग्यालाही, स्वयंपाक आणि आपला दीन समजावून सांगणं शिकवू. हे कुठेही गेलं तरी कामी येईल.