आंबोलीचे पाहुणे

पाऊस स्थिरावला की गोमंतकीयांची पावले सावंतवाडीमार्गे आंबोलीकडे वळतात. तेथील धुक्याची आणि घाटातल्या धबधब्याची ओढ आम्हांसही आहे. परंतु रिकाम्या बाटल्या मागे टाकून परतणे, हे कसले निसर्गप्रेम? आंबोलीतच हिरण्यकेशीचा उगम आहे. हेच पाणी पुढे गडहिंग्लजच्या शिवारास मिळते. उगमापाशी महादेव मंदिराच्या कुंडात आढळलेल्या चिमुकल्या माशाला संशोधकांनी २०२० साली नदीचेच नाव दिले. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ते स्थळ जैवविविधता वारसा म्हणून घोषित केले. घोषणा शासनाने केली. राखण कोणी करावयाची? कुंडापुढे हात जोडणाऱ्यांनी ओहोळात कचरा टाकू नये. पाहुण्याने यजमानाचे घर विटाळू नये, एवढेच आमचे मागणे आहे.